सपाट जागा शोधत आहे

फोन म्हणतो, सपाट जागा शोधत आहे.
हळूहळू फिरवा.
मी फिरवतो. कपिलतीर्थ मंडईत, सकाळी साडेदहाला,
मेथीच्या देठांवर, ओल्या पोत्यावर,
कुणाच्या तरी करकरत्या पायताणावर.
फोनला जमीन सापडत नाही.
त्याचा काय दोष. इथे वीतभरापेक्षा जास्त जमीन
कुणालाच सापडलेली नाही.

"काय शोधायलायस रं? पाकीट पडलं काय?"
लिंबवाल्या सुगंधाक्का पाटोळे.
म्हटलं, तळं शोधतोय.
त्यांनी एक लिंबू उचललं, पदराला पुसलं, परत ठेवलं.
"मग बरोबर जागी आलायस."

तळं बुजवलं, नाव तेवढं बुजवायचं राहिलं.
रोज हजार तोंडं तीर्थ म्हणतात
आणि पिशवीत कोबी घालून घरी जातात.

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी आणि इम्तियाज मुजावर
सात महिने ते पाणी बनवतोय.
मी पातळी लिहितो, तो मासे काढतो.
एकेका माशाला त्यानं स्वभाव दिलाय:
एक भित्रा, एक हावरा,
एक नुसताच, पेठेतल्या पोरासारखा,
दिवसभर कट्ट्याला टेकून.
पैसे घालणारे विचारतात, यात बंदूक कुठाय?
बंदूक नाही. गळ आहे.
मग शत्रू कोण?
इम्तियाज माझ्याकडे बघतो. "डांबर लिहू काय?"

आणि एकदम, खांबाच्या बुडाशी, हातभर फरशी.
ठिपके उमटले, ठिपक्यांची जाळी झाली,
आणि पाणी आलं.
आवाज न करता टोपल्यांच्या काठाला लागलं,
तराजूच्या पारड्यात शिरलं.
हिरवं. जरा जास्तच हिरवं, ते कमी करायचंय.
कांद्याच्या ढिगांची दोन बेटं झाली.
देवळाच्या पायरीशी येऊन ते थांबलं,
मी तसं लिहिलं होतं म्हणून थांबलं,
तरी मला बरं वाटलं.

शाळा बुडवून आलेली चार पोरं खांद्यावरून वाकली.
भावा, दे की. भावा, एकदाच. नाद खुळा!
दहा मिनिटांत एकोणीस मासे,
आणि टोमॅटोत एक पाय.
मिळालेली शिवी अस्सल होती.
तिला चष्मा लागला नाही की कॅमेरा.

"बघू की," आक्का म्हणाल्या.
भरलेला तांब्या धरावा तसा दोन्ही हातांत धरला फोन.
मग एक हात सोडवून पाण्यात घातला.
बांगड्या वर, बोटं खाली,
मनगटाशी पाण्याची कड जराशी फाटते,
ठाऊक आहे, यादीतला सत्ताविसावा दोष.
"गार लागत न्हाई," त्या म्हणाल्या.
तक्रार नव्हती. भाव सांगावा तसं सांगितलं.
मी खाली लिहून घेतलं: अठ्ठावीस. गार लागत नाही.
हा कसा दुरुस्त करायचा, अजून माहीत नाही.

तेवढ्यात तो भित्रा आला.
लिंबांच्या पाटीपाशी अडला, मागे फिरला, परत आला.
वाट संपली की त्यानं असंच करायचं
हे इम्तियाजनं एका रात्री जागून ठरवलेलं.
आक्कांनी पडद्यावरून नजर न काढता
पायानं पाटी बाजूला सारली.
"जा बाबा."
तो गेला.
म्हणजे, फरशी मोकळी दिसल्यावर
गणितानं त्याला पुढं ढकललं.
मी हे त्यांना सांगितलं नाही.
इम्तियाजलाही नाही.

फोन तापला. बॅटरी तीन टक्के. पाणी गेलं.
पुन्हा देठं, पोती, माशा, उकिरड्याचा वास.
आक्का अजून चार बोटं लुगडं उचलून उभ्या.
उशिरानं ते त्यांच्या लक्षात आलं,
सोडलं, आणि उगाच माझ्यावर खेकसल्या:
"सांजच्याला खेळू द्यात पोरं, माझं काय न्हाई.
पर पहाटं पाचला मला ताडपत्री टाकायची असती.
तेवढं पाणी उतरवून ठेवत जा."

व्हय, म्हटलं.
आणि खोलीवर येऊन, खरंच,
पातळीच्या ओळीत पाचचा आकडा लिहिला.